लघु-गुरूंचा उपासक : माधव जूलियन

महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या एका मराठी माणसाने मराठी पद्याचे शास्त्र सिद्ध करावे, ही गोष्ट आपणां सर्वांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल. डॉ. माधव त्रिंबक पटवर्धन, अर्थात कवी माधव जूलियन, यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. तेथेच १९१६ मध्ये ते बी.ए. झाले. १९१८ मध्ये इंग्रजी घेऊन एम.ए. झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे अध्यापन करू लागले.

इंग्रजी पद्याची लय आघातयुक्त व आघातरहित अक्षरांच्या क्रमावर चालते. संस्कृत, मराठी व फार्सी वृत्तांत मात्र आघाताला नव्हे, तर उच्चाराच्या कालावधीला महत्त्व असते. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. 'बडोदे' हा शब्दच पाहा : एक लघू, दोन गुरू; म्हणजे यगण. असे चार यगण मिळून भुजंगप्रयात होते. आपल्या घरोघरी म्हटले जाणारे 'मनाचे श्लोक' याच वृत्तात आहेत. फार्सी 'शाहनामा'चे वृत्तही याच चालीचे. चरणाच्या शेवटी एक अक्षर तेवढे कमी.

हे नाते माधवरावांनी नेमके ओळखले. पुण्यातील प्राध्यापकी सुटून जीवन अस्थिर झाले असतानाच, १९२७ मध्ये, त्यांचा 'छन्दोरचना' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी पद्याचे त्यांनी तीन वर्ग मानले : लघु-गुरूंचा क्रम ठरलेली वृत्ते, मात्रांच्या हिशेबाने चालणाऱ्या जाती आणि ओवी-अभंगांसारखे अक्षरसंख्येवर आधारलेले छंद. ज्या ओवी-अभंगांना पंडित सैल रचना समजत, त्यांनाही अशा रीतीने शास्त्रात मानाचे स्थान लाभले.

१९२८ पासून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात होते. १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' निघाली आणि फार्सी गझलांची वृत्ते मराठीत रुळली. १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध करणारा हा पंडित पुढे भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. आपल्या जुन्या कवितांतील फार्सी शब्दही त्यांनी बदलले. शब्द परके ठरले; वृत्ते मात्र राहिली, कारण त्यांचे लघु-गुरू मराठीच्या कानाला कधीच परके नव्हते.

१९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये 'छन्दोरचने'ची सुधारित आवृत्ती निघाली आणि १९३८ मध्ये याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. मराठी ग्रंथासाठी त्या विद्यापीठाने दिलेली ही पहिलीच डी.लिट. होय. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

बदल्यांच्या निमित्ताने गावोगावी फिरताना आपल्या मुलांची मराठी लिपी सुटते, ऱ्हस्व-दीर्घाचे भान हरपते. तरीही सायंकाळी दिव्यापाशी भुजंगप्रयात म्हणणाऱ्या मुलाच्या कानात मराठीचे माप पक्के बसते. माधवरावांनी त्या मापाला शास्त्राचा आधार दिला. ते पुढच्या पिढीच्या कानी घालणे आपल्या हाती आहे.