सुगरणीच्या घरट्याखाली बसलेले सलीम अली

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून आपण चोडणला उतरतो, तेव्हा धक्क्याजवळच खारफुटीचे दाट रान सुरू होते. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य ही पाटी आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहे. पण सहलीच्या गडबडीत मुलांनी हे सलीम अली कोण असे विचारले, तर पक्ष्यांचे मोठे अभ्यासक एवढेच सांगून आपण पुढे निघतो. १२ नोव्हेंबरला त्यांची जयंती असते. त्या निमित्ताने त्यांची थोडी नीट ओळख करून घेऊ.

सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आई-वडील लहानपणीच गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवले. मामा शिकारी होते, त्यामुळे भाच्याच्या हातातही छर्र्याची बंदूक आली. एके दिवशी त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि ही नेहमीची चिमणी नव्हे हे मुलाच्या लक्षात आले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढचे सगळे आयुष्य त्या भेटीतून निघाले.

अर्थात वाट सरळ नव्हती. ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या खाण व लाकूड व्यवसायात ते काही वर्षे राहिले, पण लक्ष धंद्यापेक्षा जंगलात अधिक. मुंबईत परतून त्यांनी हिशेबाचे शिक्षण घेतले आणि सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्रही शिकले. पदवी मात्र हाती नव्हती. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पुढे ते बर्लिनला गेले आणि श्ट्रेझेमान या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात वळी घालण्याचे कामही त्यांनी पाहिले.

१९३० साली ते परत आले, तेव्हा पैशाअभावी म्युझियममधली जागाच रद्द झाली होती. चौतिशीचा माणूस, लग्न झालेले आणि हातात काम नाही. आपल्या घरी असे घडले तर आपण काय म्हणू याची कल्पना सर्वांनाच आहे. पत्नी तेहमिना यांनी मात्र साथ दिली. दोघे अलिबागजवळच्या किहीमला, समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. तिथे खर्च कमी होता आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती.

त्या पावसाळ्यात सलीम अली रोज त्या घरट्यांखाली बसून राहिले. आपल्या भाषेने या पक्ष्याला सुगरण असे बाईचे नाव दिले आहे, पण घरटे विणतो तो नर. तो घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येतात, आतबाहेर पाहतात. एखादीने पसंत केले तर ती आत मुक्काम करते आणि नर ते पूर्ण करतो. मग तो दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे त्यांनी बारकाईने नोंदले आणि १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. बेकारीच्या त्या काळातल्या कामाने त्यांचे नाव झाले.

त्यानंतर त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला: खर्च तुम्ही करा, पक्ष्यांची पाहणी मी विनावेतन करतो. हैदराबादपासून सुरुवात झाली. पुढे त्रावणकोर-कोचीन, मग इंदूर-ग्वाल्हेरकडचा मध्य हिंदुस्थान, नंतर गुजरात. आपल्या मराठी मंडळींची जुनी वस्ती असलेल्या कितीतरी गावांभोवतीचे पक्षी असे प्रथमच रीतसर नोंदले गेले. तंबूतल्या त्या संसारात तेहमिना बरोबर असत. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. हा घाव मोठा होता. त्यानंतर बहिणीच्या घराने त्यांना आधार दिला आणि ते पुन्हा कामाला लागले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. १९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणात त्यांनी रोहित पक्ष्यांची चिखलाची लाखभर घरटी पाहिली. डिलन रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पुरा झाला, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते.

एक गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले. त्या काळी ओळख पटवण्याचा तोच मार्ग होता. पण त्याच माणसाने पुढे भरतपूरचे पाणथळ आणि केरळचे सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्यासाठी आपला शब्द खर्ची घातला आणि पुरस्काराचा पैसा सोसायटीच्या कामाला दिला.

गोव्याशीही त्यांचा संबंध आहे. इथल्या पक्ष्यांवरचा त्यांचा एका सहकाऱ्यासोबतचा लेख १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९८७ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी चोडणच्या अभयारण्याला त्यांचे नाव मिळाले.

आज आपल्या खाजणांवर भराव पडतो आहे आणि सुगरणीला लटकायला माडही कमी होत आहेत. नाव पाटीवर राहील. पक्षी राहतील की नाही, हे आपल्यावर आहे. या हिवाळ्यात मुलांना घेऊन चोडणला जाऊ या. भरतीची वेळ पाहून होडीत बसू, आवाज बंद ठेवू आणि खंड्या दिसेपर्यंत धीर धरू. किहीमला सलीम अली यांनी केले ते एवढेच, फक्त त्यांनी ते संपूर्ण पावसाळाभर केले.