संगीतसूर्य कै. केशवराव भोसले आणि त्यांची ललितकलादर्श

प्रतिवर्षी या स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र देण्याचा मंडळाचा प्रघात आहे. ती चरित्रे बहुधा सेनानींची, संस्थानिकांची किंवा शिक्षणाकरिता झिजलेल्या दानशूर गृहस्थांची असतात. यंदा आम्ही एका नटाचे चरित्र वाचकांच्या हाती देत आहोत. हे पाहून वडील मंडळींपैकी कोणाच्या भुवया किंचित उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. मुलगा नाटकमंडळीत गेला म्हणजे तो घराला मुकला, असे मानणारी पिढी आपल्या घराघरांतून होऊन गेली. परंतु ज्याने मराठी रंगभूमीवर अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात स्वतःचे युग निर्माण केले, त्याची ओळख आपल्या तरुणांस नसावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

आपल्या शहरास नाटकाचे वेड नवे नाही. नाथांच्या भारुडांची पैठण येथून हाकेच्या अंतरावर. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली होता आणि मराठी रंगभूमीची मोठी पेठ मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर, हुबळी अशी दूर होती, तरी ही हौस मेली नाही. याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 'जिगीषा'सारखी तरुणांची संस्था जन्मास आली आणि तिच्या मंडळींनी पुढे मुंबईत नाव मिळविले. आपल्या ज्ञातीतील मुलेही आज एकांकिकांच्या तालमी करताना दिसतात. एक प्रयोग चांगला होतो, दुसरा होतो, मग कोणी नोकरीस जातो, कोणाचे लग्न होते आणि संस्था विरून जाते. संस्था उभी कशी करावी आणि आपल्यामागे ती टिकावी कशी, हा ज्यांच्यापुढे प्रश्न आहे, त्यांनी केशवरावांचे चरित्र अवश्य पाहावे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरास झाला. घरची स्थिती गरिबीची. शाळेत बसून विद्या करण्याचा योग त्यांस लाभला नाही. अगदी कोवळ्या वयात ते जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. त्या काळी नाटकमंडळी म्हणजे एक फिरते एकत्र कुटुंबच असे. मालक हा घरचा कर्ता. आचारी, वाढपी, पडदे ओढणारे, तबलजी, पेटीवाले, नट आणि पोरे असा पन्नास-पन्नास माणसांचा संसार गावोगाव बिऱ्हाड हलवीत असे. पोरांच्या वाट्यास पहाटेचा रियाज, दिवसा पाठांतर आणि रात्री प्रयोग येई. चुकले तर मार ठेवलेलाच असे. स्त्रियांनी रंगभूमीवर येण्याची चाल नव्हती, त्यामुळे गोड गळ्याचा मुलगा मिळाला की मालक त्याला साडी नेसवून नायिका करी. केशवरावांचेही तसेच झाले.

गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी जख्ख म्हाताऱ्यास देऊ करतो, असा त्याचा विषय. या नाटकातील शारदेची भूमिका बाल केशवरावांनी अशी केली की त्यांचे नाव गावोगाव झाले. आवाज उंच पट्टीचा, धारदार, तान घेताना जराही न डगमगणारा. वाचकांनी एक लक्षात घ्यावे की ध्वनिवर्धकाचा तो काळ नव्हता. शेवटच्या ओळीत पिटावर बसलेल्या हमालापर्यंत गाणे पोचवावयाचे, तर छातीवाचून दुसरे साधन नव्हते.

अशा नटास मालक सहसा सोडीत नाहीत, आणि असे नटही मालकाचा आसरा सहसा सोडीत नाहीत. मिळते ते पुरेसे असते. केशवरावांनी मात्र स्वदेशहितचिंतक सोडली आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली. त्या दिवशी त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. आज या वयात आपली मुले महाविद्यालयाच्या प्रवेशाचे अर्ज भरीत असतात! अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' घेऊन मंडळीने आरंभ केला. पाठीशी ना धनिक, ना पदवीधर. गळा आणि चार जिवाभावाचे सोबती, एवढेच भांडवल. मंडळीस दिलेले नाव पाहिले, तरी या मुलाची झेप कळते. नाट्य, संगीत, चित्र या साऱ्या ललित कलांचा आदर्श आपण घालून द्यावयाचा, असे त्या नावात त्याने जणू लिहून ठेवले होते.

पुढील तेरा वर्षांत त्यांनी काय केले, ते सविस्तर सांगू लागलो तर या स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत. आमच्या मते त्यांचा विशेष असा की, स्वतःच्या गळ्यावर जनता वेडी असतानाही त्यांनी मंडळी केवळ त्या गळ्यावर चालविली नाही. जुनीच नाटके आलटून पालटून लावून आणि नव्या चिजा घालून त्यांस पैसा मिळविता आला असता. तसे करणारे पुष्कळ होते. केशवरावांनी नवे लेखक शोधले. १९१२ च्या सुमारास त्यांनी हिराबाई पेडणेकरांचे 'दामिनी' रंगभूमीवर आणले. हिराबाई कलावंत घराण्यातील. एका स्त्रीने, त्यातही अशा घराण्यातील स्त्रीने, नाटक लिहावे हेच मुळी पुष्कळांस रुचणारे नव्हते. ते पैसे खर्चून रंगभूमीवर आणावयास धैर्य लागते, आणि ते केशवरावांनी दाखविले. पाठोपाठ वऱ्हाडातील वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आले व अफाट गाजले. त्यातील मृणालिनीच्या भूमिकेत केशवरावांनी प्रेक्षकांस जिंकले.

मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' हे नाटक १९१६ च्या सुमारास ललितकलादर्शाने घेतले. येथे आम्ही थोडे थांबतो, कारण हा विषय आपल्या ज्ञातीस लागू आहे. त्या नाटकाचा सारा रोख हुंड्यावर आहे. मुलाच्या बापाने मुलीच्या बापापुढे हात पसरावा आणि त्यालाच प्रतिष्ठा म्हणावे, या रीतीची त्यात भरपूर थट्टा आहे. ज्या मुलाने शारदा होऊन विकल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख गाऊन दाखविले, तोच मालक झाल्यावर हे नाटक हाती घेतो, यात आम्हांस केवळ योगायोग दिसत नाही. पौराणिक कथा आणि राजवाडे यांस सरावलेल्या प्रेक्षकाला आपल्याच घराची ओसरी रंगमंचावर दिसली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९६१ साली, हुंडाबंदीचा कायदा झाला. कायदा होऊनही आपल्या ज्ञातीतील विवाह कसे ठरतात, ते वधूवर मेळाव्यांस जाणाऱ्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. हे नाटक आपल्या तरुणांनी पुन्हा एकदा करावे आणि पहिल्या रांगेत मुलांच्या बापांस बसवावे, अशी आमची सूचना आहे. कोणी रागावले तर रागावोत.

वरेरकरांचेच 'संन्याशाचा संसार' १९१९ साली आले. धर्मांतर आणि परत स्वधर्मात येऊ पाहणाऱ्यांचा स्वीकार हा त्याचा विषय. या दोन्ही नाटकांचे संगीत गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांचे. वझेबुवांची गायकी अवघड, जोरकस, अनवट रागांची. सोप्या चालींवर टाळ्या मिळत असता केशवरावांनी ती वाट धरली, आणि नाव झाल्यावरही बुवांपुढे शिष्य म्हणून बसले. मालक शिकतो आहे, हे पाहून मंडळीतील पोरेही शिकू लागली. त्या पोरांमध्ये व्यंकटेश बळवंत पेंढारकर नावाचा एक तरुण होता. लोक त्यास बापूराव म्हणत. त्याचे काम पुढे येईलच.

कोल्हापूरकरांस केशवरावांचा अभिमान होता आणि छत्रपती शाहू महाराजांस तर विशेष. महाराजांचे कुस्तीवर जितके प्रेम, तितकेच गाण्यावर व नाटकावर. विलायतेच्या १९०२ सालच्या प्रवासात त्यांनी तिकडील नाट्यगृहे व रोमचे जुने क्रीडागार पाहिले होते. परत आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधविले व त्यालगत १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभारले. पैलवान आणि नट यांना एका भिंतीने जोडणारा असा राजा विरळा. बहुजन समाजातील एका अल्पशिक्षित मुलाने आपल्या हिकमतीवर मंडळी उभी केली, याचे मोल महाराजांइतके दुसऱ्या कोणास कळणार?

आता १९२१ सालाकडे वळू. त्या वर्षी यशवंतराव टिपणीस यांचे 'शहा शिवाजी' मंडळीने रंगभूमीवर आणले. परंतु ते वर्ष महाराष्ट्राच्या ध्यानात राहिले ते निराळ्या कारणाने. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी वारले होते, व त्यांच्या स्मरणार्थ महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प सोडला होता. नाटकमंडळ्यांनी काय द्यावे? त्या काळी रंगभूमीवर दोन गंधर्वांचे राज्य होते, असे म्हटले तरी चालेल. एक बालगंधर्व, १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे प्राण, दुसरे केशवराव. दोघांचे भक्त एकमेकांस पाण्यात पाहात. एकाचे गाणे मधाचे, दुसऱ्याचे विजेचे, असा वाद चहाच्या दुकानांतून रात्ररात्र चाले. अशा वेळी दोन्ही मंडळ्यांनी मिळून फंडासाठी खाडिलकरांचे 'मानापमान' करावयाचे ठरविले.

हे ठरविणे वाटते तितके सोपे नव्हते. 'मानापमान' हे बालगंधर्वांचे हातखंडा नाटक. किर्लोस्कर मंडळीत १९११ साली ते प्रथम झाले, तेव्हापासून त्यांची भामिनी लोकांच्या डोळ्यांत बसलेली. त्यांच्यासमोर धैर्यधर होऊन उभे राहावयाचे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात कुस्ती खेळण्यासारखे. एखादी तान फसली, तर पुढील दहा वर्षे प्रतिपक्ष ती उगाळीत बसला असता. मालकाने नुसत्या आपल्या मंडळीच्या अब्रूचा विचार केला असता, तर प्रकृतीचे निमित्त सांगून हा प्रसंग टाळला असता. केशवराव उभे राहिले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हा संयुक्त प्रयोग झाला. तिकिटांकरिता लोकांनी जिवाचा आटापिटा केला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. कोण वरचढ ठरला, याचा वाद त्या रात्री थिएटरात असलेले लोक मरेपर्यंत घालीत राहिले. आम्हांस त्या वादात पडावयाचे नाही. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे लोक एका रंगपटात बसून तोंडास रंग लावीत होते आणि गल्ला लोकमान्यांच्या फंडात जात होता, हे आम्हांस त्याहून मोठे वाटते. पाठोपाठ 'सौभद्रा'चाही असाच संयुक्त प्रयोग झाला.

त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत. केशवरावांस विषमज्वर झाला आणि पुणे मुक्कामी ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे देहावसान झाले. एकतिसावे वर्ष पुरे होऊन दोनच महिने उलटले होते.

मालक गेला की नाटकमंडळी मोडते, असा त्या व्यवसायाचा अनुभव. सामान सावकाराकडे जाते, नट दुसऱ्या मंडळीत जातात, पोरे रस्त्यावर येतात. ललितकलादर्शाचेही तसेच होणार, असे पुष्कळांनी धरले होते. परंतु ज्यांस केशवरावांनी हाताशी धरून शिकविले होते, त्या बापूराव पेंढारकरांनी मंडळीची धुरा उचलली. १९२२ साली वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' व पुढल्या वर्षी 'तुरुंगाच्या दारात' ही नाटके आणून त्यांनी ललितकलादर्शाचे नाव पूर्वीइतकेच उज्ज्वल ठेवले. बापूरावांचा आणि केशवरावांचा रक्ताचा संबंध नव्हता, ज्ञातीही एक नव्हती. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे नमूद करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. उलट, केशवरावांनी वारस निवडताना जात न पाहता गळा व निष्ठा पाहिली, म्हणूनच त्यांची मंडळी जगली.

बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र यांचा जन्म केशवरावांच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आत, २५ नोव्हेंबर १९२१ रोजी, आपल्याच जुन्या संस्थानाच्या राजधानीत, हैदराबादेस झाला. बापूराव १९३७ साली वारले व मंडळी थांबली, तेव्हा हा मुलगा सोळा वर्षांचाही नव्हता. त्याने १९४२ च्या सुमारास ती पुन्हा उभी केली. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही त्या काळातील नाटके आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिली असतील. भालचंद्र पेंढारकर २०१५ साली निवर्तले. सतरा वर्षांच्या मुलाने हुबळीस लावलेले रोप शंभर वर्षांहून अधिक काळ माणसांनी हातोहात जपले, ते असे.

कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरास १९५७ साली केशवराव भोसले नाट्यगृह असे नाव देण्यात आले. हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. रंगमंच व छप्पर जळाले. ते वृत्त कळताच कोल्हापूरचे कलावंत धावत तेथे जमले व ढसाढसा रडले. ते पूर्ववत बांधून काढण्याचे काम शासनाने व तेथील महानगरपालिकेने हाती घेतले आहे.