संत गोन्सालो गार्सिया आणि एक लहानसे चर्च



पोशेरा, मोखाडा, जव्हार ते वसई हा आपला सारा परिसर आज एकाच वसई धर्मप्रांतात येतो. याच वसईच्या भूमीने भारताला पहिला संत दिला.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. किल्ल्यातील येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे ते शिकले आणि चर्चमधील सेवेत वाढले. त्या चर्चची दगडी दर्शनी भिंत, खांब व कमान आजही उभी आहे. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली आणि पुढे किल्ल्यातील चर्चेस ओस पडली.

किशोरवयातच गोन्सालो धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की लोकांना ते आपलेच वाटू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. राज्यकर्ता हिदेयोशी याने क्योटोत जागा दिली. तेथे १५९४ साली देवदूतांची राणी मरिया हिच्या नावे लहानसे चर्च उभे राहिले. जवळच महारोग्यांसाठी इस्पितळ निघाले. ज्यांना घरचेही जवळ करीत नसत, त्यांची सेवा ब्रदर गोन्सालो व त्यांचे सोबती करीत. वेदीवरची मिस्सा आणि रोग्याची जखम धुणे यांत त्यांनी अंतर ठेवले नाही.

१५९६ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली. भर थंडीत नागासाकीपर्यंत नेऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत सतरा जण प्रापंचिक होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. वसईतील गास गावचे चर्च आज गोन्सालोंच्याच नावाचे आहे.

क्योटोचे ते चर्च राहिले नाही, वसईच्या चर्चची भिंतच उरली. तरी गोन्सालो विस्मृतीत गेले नाहीत. आपले चर्च कौलारू असो वा पत्र्याचे, त्याच्या दाराशी आजारी व एकटा माणूस निःशंक येऊ शकतो का, हे या आठवड्यात आपण प्रत्येकाने स्वतःला विचारू या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.