आज्ञा आणि आकडे एकाच घरात नांदवणारा गणिती

लिनक्स प्रणालीच्या कमांड लाइनवर ‘एलएससीपीयू’ ही पाच इंग्रजी अक्षरांची आज्ञा दिली, की क्षणार्धात पडद्यावर प्रोसेसरची कुंडली मांडली जाते. ‘आर्किटेक्चर’ या पहिल्याच ओळीत प्रोसेसरची जात कळते. इंटेल वा एएमडीच्या आजच्या बहुतेक संगणकांवर तेथे ‘एक्स८६_६४’ असे दिसते, तर ६४ बिटच्या एआरएम प्रोसेसरवर ‘एआर्च६४’. त्याखाली प्रोसेसरचे नाव, कोअरची संख्या, कॅश स्मृतीची मापे आणि आखूड सांकेतिक शब्दांची लांबलचक ओळ येते. एवढा तपशील नको असेल, तर ‘युनेम’ या आज्ञेला ‘एम’ हा पर्याय जोडून केवळ प्रोसेसरची जात विचारता येते. हीच माहिती सविस्तर वाचायची, तर ‘प्रॉक’ या निर्देशिकेतील ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडावी लागते.

पहिल्या ओळीतील जात म्हणजे प्रोसेसरला कळणारी भाषा. या भाषा परस्परांहून भिन्न असल्या, तरी त्या सर्वांच्या मुळाशी एकच मांडणी आहे. करावयाच्या कामाच्या आज्ञा आणि ज्यांवर काम करावयाचे ते आकडे, दोन्ही अंकांच्या रूपात एकाच स्मृतीत ठेवायचे आणि प्रोसेसरने तेथून एकेक आज्ञा उचलून पार पाडायची, अशी ती मांडणी. संगणकशास्त्रात ती ‘फॉन नॉयमन रचना’ म्हणून ओळखली जाते. पडद्यावरील यादीत हे नाव कोठेही येत नाही. मात्र या गणितज्ञाच्या कल्पनेचे सामर्थ्य आणि तिच्यातील उणिवांवर पुढच्या पिढ्यांनी केलेले उपाय या यादीच्या ओळीओळींत उमटलेले आहेत.

जॉन फॉन नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील मिक्सा बँकेच्या व्यवसायात होते. १९१३ मध्ये त्यांना उमरावपद मिळाले आणि पुढे जर्मनीत वावरताना त्यांच्या पुत्राच्या नावात ‘फॉन’ हा उमरावपदाचा निदर्शक शब्द आला. बुडापेस्टच्या ल्युथरन शाळेत लास्लो रात्झ या शिक्षकांनी मुलाची असामान्य बुद्धी हेरली व त्याला विद्यापीठातील अध्यापकांकडून गणित शिकण्याची सोय करून दिली. पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळविणारे युजीन विग्नर त्याच शाळेत एक वर्ष पुढे होते.

गणितात पोट भरत नाही, ही वडिलांची चिंता जगभरच्या वडिलांसारखीच होती. त्यावर तोडगा म्हणून नॉयमन यांनी दोन्ही मार्ग एकाच वेळी धरले. झुरिकच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून रसायन अभियांत्रिकीची पदविका आणि बुडापेस्ट विद्यापीठातून गणिताची डॉक्टरेट, या दोन्ही पदव्या त्यांनी १९२६ मध्येच मिळविल्या. त्यानंतर गटिंगेन येथे डेव्हिड हिल्बर्ट यांच्या सहवासात त्यांनी काम केले. १९२८ मध्ये त्यांनी खेळांच्या गणितातील पायाभूत प्रमेय सिद्ध केले, तर १९३२ मध्ये पुंजयामिकीला काटेकोर गणिती पाया देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर ते अमेरिकेत प्रिन्स्टनला जाऊ लागले होते. १९३३ मध्ये तेथील नव्या ‘इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी’च्या पहिल्या प्राध्यापकांत आइन्स्टाइन यांच्याबरोबर त्यांची निवड झाली. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती. १९३७ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

शुद्ध गणितातून ते संगणकाकडे वळले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात ते लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे सल्लागार झाले. प्लुटोनियमचा गोळा भोवतालच्या स्फोटकांनी सर्व बाजूंनी एकाच क्षणी आत दाबायचा, या तंत्राची गणिते इतकी किचकट होती, की हातयंत्रांवर ती सोडविणे अशक्यप्राय ठरत होते. अशा वेळी १९४४ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधील अ‍ॅबर्डीन स्थानकाच्या फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली. फिलाडेल्फियातील मूर स्कूलमध्ये ‘एनिॲक’ नावाचे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र तयार होत असल्याचे त्यांना या भेटीत समजले. थोड्याच दिवसांत ते मूर स्कूलमध्ये हजर झाले.

जवळपास १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब असलेले हे यंत्र सेकंदाला पाच हजार बेरजा करू शकत होते. त्याची अडचण वेगळीच होती. नवे गणित घालायचे, तर शेकडो तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत आणि खटके नव्याने लावावे लागत. गणित काही मिनिटांचे आणि त्याची तयारी काही दिवसांची, अशी गत होती. एनिॲकचे निर्माते प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली यांनाही ही उणीव ठाऊक होती. आज्ञा यंत्राच्या आतच साठविण्याचा विचार एकर्ट यांनी १९४४ च्या प्रारंभीच टिपून ठेवला होता. पुढच्या ‘एड्व्हॅक’ या यंत्राच्या चर्चेत नॉयमन सामील झाले ते त्यानंतर.

या चर्चांचे सार नॉयमन यांनी १०१ पानांच्या टिपणात बांधले. त्यावर तारीख आहे ३० जून १९४५. यंत्राचे गणन विभाग, नियंत्रण विभाग, स्मृती, माहिती आत घेणारा भाग आणि बाहेर देणारा भाग असे अवयव त्यांनी पाडले. तारा आणि नळ्यांच्या तपशिलात न शिरता मेंदूतील चेतापेशींच्या गणिती प्रारूपाचा आधार घेऊन त्यांनी हे अवयव समजावून दिले. इलेक्ट्रॉनिक संगणकाचे वर्णन त्याच्या सुट्या भागांपासून वेगळे काढून, निव्वळ रचना म्हणून प्रथमच मांडले गेले. याच अर्थाने आज ‘आर्किटेक्चर’ हा शब्द वापरला जातो.

मात्र गोल्डस्टाइन यांनी हे टिपण टंकलिखित करून वाटले, तेव्हा मुखपृष्ठावर एकट्या नॉयमन यांचे नाव होते. एकर्ट आणि मॉकली यांना ही बाब कायमची सलत राहिली. प्रश्न केवळ मानाचा नव्हता. १९४७ मध्ये लष्कराच्या कायदेतज्ज्ञांनी हे टिपण म्हणजे जाहीर प्रकाशनच असल्याचे ठरविले आणि त्यातील कल्पनांवर पेटंट घेण्याची वाट बंद झाली. पुढे १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनिॲकचे पेटंटही रद्द केले, तेव्हा त्यामागील कारणांत या टिपणाचाही समावेश होता. दोघा अभियंत्यांचे नुकसान झाले हे खरे. पण संगणकाची मूळ रचना कोणा एका कंपनीची मालमत्ता झाली नाही, हेही तितकेच खरे.

टिपणाच्या तारखेनंतर अवघ्या सोळा दिवसांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली. तिला नॉयमन उपस्थित होते. जपानमधील लक्ष्ये सुचविणाऱ्या समितीवरही ते होते. युद्ध संपल्यावर सोव्हिएत संघाने अण्वस्त्रे साठविण्यापूर्वीच त्याच्यावर हल्ला करावा, या टोकाच्या मताचा त्यांनी पुरस्कार केला. १९१९ मध्ये हंगेरीत आलेल्या साम्यवादी राजवटीमुळे त्यांच्या कुटुंबाला काही काळ देश सोडावा लागला होता. त्या अनुभवाची छाया या मतावर होती. खुसखुशीत विनोद सांगणारा, मेजवान्या देणारा हा गणिती विनाशाच्या हिशेबातही तितक्याच थंडपणे रमत असे, याचा उल्लेख टाळून त्याचे चरित्र पूर्ण होत नाही.

महायुद्धानंतर प्रिन्स्टनच्या संस्थेत त्यांनी स्वतःचे यंत्र बांधावयास घेतले. केवळ चिंतनासाठी असलेल्या संस्थेत अभियंत्यांची ठोकाठोक सुरू झाल्याने अनेक विद्वानांनी नाके मुरडली. ज्युलियन बिगेलो यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे यंत्र १० जून १९५२ रोजी जाहीरपणे कार्यान्वित झाले. त्याच्या स्मृतीत ४० बिटचे १०२४ शब्द मावत. आजच्या भाषेत सांगायचे, तर केवळ पाच किलोबाइट. नॉयमन यांनी या यंत्राचे आराखडे व अहवाल मुक्तहस्ते वाटले. त्यांवरून लॉस अलामॉस, इलिनॉय, स्टॉकहोम, सिडनी, इस्राएल अशा ठिकाणी त्याची भावंडे जन्माला आली. मुंबईचाही या घराण्याशी संबंध आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक प्रिन्स्टनच्या यंत्राच्या धर्तीवरच होता. त्याची स्मृती ४० बिटच्या २०४८ शब्दांची होती.

नॉयमन यांच्या रचनेची मेख समजून घ्यायची, तर ‘एलएससीपीयू’च्या यादीतील कॅशच्या ओळी पाहाव्यात. आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत असल्याने दोन्हींची ने-आण एकाच वाटेने होते. प्रोसेसर वेगवान झाले, पण स्मृतीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही आणि वाटेवर कोंडी होऊ लागली. जॉन बॅकस यांनी १९७७ मध्ये ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात या कोंडीला नॉयमन यांचेच नाव दिले. तिच्यावरील उपाय म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळ ठेवलेली लहान, पण जलद स्मृती. यादीत ‘एल१’, ‘एल२’, ‘एल३’ अशा तिच्या चढत्या पायऱ्या दिसतात. विशेष म्हणजे आर्थर बर्क्स व गोल्डस्टाइन यांच्यासह लिहिलेल्या १९४६ च्या अहवालात खुद्द नॉयमन यांनीच स्मृतीच्या अशा उतरंडीची गरज वर्तविली होती.

त्यातही ‘एल१डी’ आणि ‘एल१आय’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पहिली आकड्यांसाठी, दुसरी आज्ञांसाठी. हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क वन’ या १९४४ च्या यंत्रात आज्ञा कागदी फितीवर आणि आकडे यंत्राच्या आत, असे दोन संसार होते. आजचा प्रोसेसर आपल्या निकटच्या पायरीवर हार्वर्डचा कित्ता गिरवतो आणि त्यापलीकडे नॉयमन यांचा. या ‘एल१डी’चे प्रत्येक कोअरमागे ३२ किलोबाइट हे माप दीर्घकाळ प्रचलित आहे. म्हणजे प्रिन्स्टनच्या संपूर्ण यंत्राच्या सहापटीहून अधिक स्मृती प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात बसते.

‘फ्लॅग्ज’ या ओळीतील ‘एनएक्स’ ही दोन अक्षरे तर अधिक बोलकी आहेत. आज्ञा आणि आकडे एकाच स्वरूपात नांदत असल्याने आकड्यांच्या मिषाने आज्ञा घुसविता येते. घुसखोरांनी नेमका याचाच लाभ उठविला. त्याला आळा घालण्यासाठी एएमडीने २००३ मध्ये बाजारात आलेल्या आपल्या ६४ बिट प्रोसेसरमध्ये स्मृतीच्या पानांवर एका बिटची खूण ठेवण्याची सोय केली. खूण असलेल्या पानावरील मजकूर केवळ माहिती. तो आज्ञा म्हणून चालवायचा नाही. इंटेलनेही पुढे हीच वाट धरली. १९४५ च्या टिपणात नॉयमन यांनी प्रत्येक शब्दाच्या आरंभी हा आकडा आहे की आज्ञा, हे सांगणारा एक बिट राखून ठेवला होता. प्रिन्स्टनच्या यंत्रात तो गळाला. सुमारे सहा दशकांनंतर वेगळ्या रूपात आणि वेगळ्या कारणासाठी तशी खूण पुन्हा ठेवावी लागली. अलीकडच्या आवृत्त्यांत यादीच्या शेवटी प्रोसेसरमधील ज्ञात त्रुटी आणि त्यांवरील उपायही येतात. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘मेल्टडाऊन’ व ‘स्पेक्टर’ यांची नोंद तेथे असते. स्मृतीची वाट पाहण्यात वेळ दवडू नये, म्हणून प्रोसेसरने पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच पार पाडण्याची जी युक्ती योजली, तिच्यातूनच या त्रुटी उद्भवल्या.

हे सारे पाहण्यास नॉयमन नव्हते. १९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याकडून त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून स्वातंत्र्यपदक स्वीकारले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते. येल विद्यापीठात द्यावयाची व्याख्याने त्यांना देता आली नाहीत. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारे त्यांचे अपुरे हस्तलिखित १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना लिहिली पत्नी क्लारा यांनी. त्या स्वतः एनिॲकसाठी आज्ञावल्या लिहिणाऱ्या आरंभीच्या मंडळींपैकी होत्या.

नॉयमन रचनेचे श्रेय एकट्या नॉयमन यांचे नाही, हे आता इतिहासकार मान्य करतात. एकर्ट आणि मॉकली यांचा त्यात वाटा आहे. १९३६ मध्ये अशा यंत्राची गणिती कल्पना मांडणारे अ‍ॅलन ट्युरिंग आहेत आणि जून १९४८ मध्ये आज्ञा साठविणारे पहिले यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखविणारे मँचेस्टरचे अभियंतेही आहेत. नॉयमन यांनी विखुरलेल्या विचारांना नेमके रूप दिले आणि ते कुलूपबंद न ठेवता जगापुढे ठेवले. पडद्यावरील ‘आर्किटेक्चर’ या शब्दापुढे आज कोणत्याही कंपनीच्या प्रोसेसरची जात उमटो. त्याखालचा पाया सर्वांना खुला राहिला तो त्यामुळेच.