कै. गोपाळ गणेश आगरकर

देवालयाच्या पत्रिकेत आगरकरांचे चरित्र कशासाठी, असे काही सभासदांच्या मनात येईल. सोवळे, केशवपन, देवतांची उत्पत्ती अशा विषयांवर ज्यांनी लेखणीचे घाव घातले, त्यांच्याविषयी पुजाऱ्याच्या मुलाने लिहावे, हे मलाही प्रथम चमत्कारिक वाटले. तीर्थरूपांना विचारले, त्यांनी हरकत घेतली नाही.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू गावी गरीब घरात झाला. एम. ए. पर्यंत शिकूनही मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, असे त्यांनी आपल्या मातोश्रींस आधीच कळविले होते. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, तेव्हा त्याचे पहिले संपादक तेच झाले.

कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याची वार्ता त्या वेळी सर्वत्र पसरली होती. कारभारी रावबहादुर बर्वे यांना दोषी ठरविणारी काही पत्रे हाती येताच ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि पत्रे बनावट ठरली. आगरकर व टिळक यांनी क्षमा मागितली. तरीही १८८२ साली दोघांना चार महिन्यांची कैद झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू शुद्ध होता, पण छापण्यापूर्वी पारख झाली नाही, असेच म्हणावे लागते. कोणाची अब्रू खोट्या कागदावर घेण्याचा अधिकार वृत्तपत्रास नाही, ही मर्यादा त्यांनी क्षमा मागून मान्य केली.

दुसरी मर्यादा मात्र त्यांनी मानली नाही. वाचक रुष्ट होतील, सहकारी दुरावतील, म्हणून पटलेली गोष्ट दडवून ठेवावी, हे त्यांस मंजूर नव्हते. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी मतभेद विकोपास गेले, तेव्हा १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला व पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. या प्रकाराचे समर्थन कोणत्या शास्त्रात सापडेल, मला ठाऊक नाही. लेखास लेखाने उत्तर देण्यास पुण्यात विद्वानांची वाण नव्हती. उलट आगरकरांनी स्वतःच्या घरात पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्मास आडकाठी केली नाही.

दम्याने शरीर पोखरले असताही ते लिहीत व शिकवीत राहिले. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच १७ जून १८९५ रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘केसरी’त त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.