विमानांच्या आवाजानं कोंबड्या मेल्या, आणि आकाश कुणाचं हे ठरवायला अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट बसलं

घरावरून विमान गेलं की टीव्हीचा आवाज वाढवायचा, फोनवर असू तर दोन सेकंद थांबायचं आणि पुन्हा बोलायला लागायचं. कुर्ला, घाटकोपर, विलेपार्ले या भागातल्या लोकांना हे सांगायला नको. पण डोक्यावरून जाणाऱ्या या विमानाला अडवायचा हक्क आपल्याला आहे का? घर माझं, जमीन माझी, मग वरची हवा कुणाची?

या प्रश्नावर अमेरिकेत तीन मोठे निकाल लागले. १९४६, १९६२ आणि १९७३. मधल्या २७ वर्षांत प्रोपेलरची विमानं जाऊन जेट आली, राष्ट्राध्यक्ष बदलले, कोर्टातले बाकीचे न्यायाधीशही बदलले. पण तिन्ही निकाल लिहिणारा माणूस एकच होता, विल्यम ओ. डग्लस.

गंमत अशी की या माणसाला शांतता जिवापाड प्यारी होती.

डग्लस यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८९८ चा, मिनेसोटा राज्यातल्या मेन नावाच्या छोट्या गावातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. विल्यम पाच वर्षांचा असताना ते गेले आणि आई तीन पोरांना घेऊन वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात येऊन राहिली. पैशांची कायमची ओढाताण. लहानपणीच्या आजारपणामुळं विल्यमच्या पायात जोर नव्हता. तो आजार पोलिओ होता असं ते पुढं सांगायचे, चरित्रकारांना मात्र ते पटत नाही. ते काहीही असो, पाय बळकट व्हावेत म्हणून पोरगा गावाबाहेरच्या टेकड्या चढायला लागला आणि डोंगरांचा नाद लागला तो आयुष्यभरासाठी.

शिष्यवृत्तीवर कॉलेज झालं, थोडे दिवस शाळेत शिकवलं. १९२२ मध्ये वकिली शिकायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जायचं ठरलं, पण तिकिटाला पैसे नव्हते. मग मालगाडीतून निघालेल्या मेंढ्यांची राखण करत आपण अर्धा देश ओलांडला, असा किस्सा ते स्वतः सांगत.

पुढची गाडी मात्र सुसाट सुटली. येल विद्यापीठात प्राध्यापकी, मग शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचं अध्यक्षपद (आपल्याकडच्या सेबीसारखं समजा), आणि १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी थेट सुप्रीम कोर्टात नेमलं. तेव्हा वय फक्त ४०.

आता कोंबड्यांकडं वळू.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरोजवळ कॉजबी नावाच्या नवरा-बायकोची २.८ एकर जागा होती. तिथं राहतं घर आणि कोंबडीपालनाचा धंदा. शेजारी एक विमानतळ होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी सरकारनं तो लष्करासाठी भाड्यानं घेतला आणि चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं, मालवाहू विमानं, लढाऊ विमानं असा सगळा ताफा तिथं उतरायला लागला.

रनवेचं टोक घरापासून २,२७५ फुटांवर. उतरणारं विमान घराच्या छपरावरून अवघ्या ६७ फुटांवरून जायचं आणि सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावरून १८ फुटांवरून. रात्री विमानांच्या दिव्यांनी घर उजळून निघायचं. झोपेचं खोबरं झालं. पण खरे हाल कोंबड्यांचे. आवाजानं बिथरून त्या उडायच्या आणि भिंतीवर आपटून मरायच्या. एका दिवसात सहा ते दहा, अशा करत करत दीडशेच्या आसपास कोंबड्या गेल्या. शेवटी धंदाच बंद करावा लागला.

कॉजबी कोर्टात गेले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं.

आता कायदा काय म्हणत होता? इंग्रजी कायद्यात एक जुनं तत्त्व होतं. ज्याची जमीन, त्याचीच वरची हवा, पार स्वर्गापर्यंत. विमानं नव्हती तोवर हे ऐकायला ठीक होतं. पण ते तसंच लावलं असतं, तर प्रत्येक विमानावर खालच्या हजारो जमीनमालकांनी घुसखोरीचे दावे ठोकले असते. दुसरीकडं सरकारचं म्हणणं होतं की आकाश सगळ्यांचं आहे, त्यामुळं कॉजबींचं काही हिरावलंच नाही.

डग्लस यांनी दोन्ही टोकं सोडली. आधुनिक जगात जुन्या तत्त्वाला जागा नाही, वरचं आकाश हा सार्वजनिक रस्ता आहे, असं त्यांनी लिहिलं. पण घर बांधायला, झाडं लावायला, साधं कुंपण घालायलासुद्धा जमिनीलगतची हवा लागतेच. तेवढी हवा मालकाची. सरकारी विमानं तिथून इतकी खाली आणि इतक्या वेळा जात असतील की जमीन वापरणंच अवघड व्हावं, तर सरकारनं ती मालमत्ता घेतल्यासारखीच झाली. आणि मालमत्ता घेतली की भरपाई द्यायची, हे अमेरिकेच्या राज्यघटनेतच आहे. आपल्याकडच्या भूसंपादनासारखंच, फक्त जमिनीऐवजी हवेचं. २७ मे १९४६ चा हा निकाल पाच विरुद्ध दोन असा लागला आणि भरपाईचा हिशोब करायला प्रकरण खालच्या कोर्टात परत गेलं.

या निकालात एक बारीक मेख आहे. कॉजबींना विमानं थांबवायचा हक्क मिळाला नाही, मिळाला तो पैसे मागायचा. विमानं येतच राहिली.

पुढं जेटचं युग आलं. १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या विमानतळाशेजारचं एक घर डग्लस यांच्यापुढं आलं. इथं विमानं छपरावरून कधी ३०, कधी ३०० फुटांवरून उडायची. घरात बोललेलं ऐकू यायचं नाही, खिडक्या थरथरायच्या, भिंतीचा गिलावा पडायचा. भरपाई द्यायची हे आता ठरलेलंच होतं, पण देणार कोण? विमान कंपनी, केंद्र सरकार, की विमानतळ बांधणारी काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन?

डग्लस यांनी पुलाचं उदाहरण घेतलं. पूल बांधायचा तर नुसती नदीवरची जागा घेऊन भागत नाही, दोन्ही बाजूंच्या जोडरस्त्यांची जमीनही घ्यावी लागते. विमानतळाचंही तसंच. रनवे कुठं असावा हे काउंटीनं ठरवलं, तर तिथं येण्या-जाण्याच्या हवाई वाटेचे पैसेही तिनंच द्यायचे.

या निकालानं अमेरिकेतल्या विमानतळांना घाम फुटला. लॉस एंजेलिसच्या विमानतळानं तर पश्चिमेला समुद्रकाठची एक अख्खी वस्तीच विकत घेतली. शेकडो घरं पाडली किंवा हलवली. तिथले रिकामे रस्ते आजही दिसतात आणि वाळूच्या टेकड्यांवर आता एका दुर्मिळ निळ्या फुलपाखराचा अधिवास आहे. पण ज्यांच्या बरोबर डोक्यावरून विमान जात नाही, शेजारून जातं, त्यांना पुढं केंद्रीय कोर्टांनी सहसा दाद दिली नाही. आवाज तितकाच असला तरी.

कोर्टाबाहेरचे डग्लस वेगळेच होते. वॉशिंग्टन शहराजवळ पोटोमॅक नदीकाठानं एक जुना, बंद पडलेला कालवा जातो. त्यावर मोटारींसाठी रस्ता करावा, असं वॉशिंग्टन पोस्टनं अग्रलेखात सुचवलं. डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून आव्हान दिलं, माझ्यासोबत ही वाट पायी चालून बघा. मार्च १९५४ मध्ये ते खरंच निघाले, अंतर जवळपास ३०० किलोमीटर. सोबत निघालेल्यांपैकी शेवटपर्यंत नऊच जण पोचले. रस्ता झाला नाही आणि १९७१ मध्ये कालव्याचं राष्ट्रीय उद्यान झालं.

त्याआधी १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या ट्राम आणि बसमध्ये रेडिओ वाजवायचं प्रकरण आलं होतं. कोर्टानं त्याला परवानगी दिली. डग्लस यांनी विरोधात मत लिहिलं. प्रवाशाला कान बंद करता येत नाहीत, त्याच्यावर आवाज लादणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे, असं त्यांचं म्हणणं.

भारताशीही त्यांचा धागा आहे. ते हिमालयात भटकले, त्यावर पुस्तक लिहिलं. कलकत्त्यात त्यांनी टागोर विधी व्याख्यानं दिली, ती 'फ्रॉम मार्शल टू मुखर्जी' या नावानं १९५६ मध्ये छापली गेली. शीर्षकातले मुखर्जी म्हणजे आपले तेव्हाचे सरन्यायाधीश. आपल्याकडं तेव्हा १९३४ चा विमान कायदा होता. वाजवी उंचीवरून विमान गेलं एवढ्यावरून घुसखोरीचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येणार नाही, असं त्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे कॉजबी दांपत्याची वाट आपल्याकडं बरीच अरुंद होती.

डग्लस संत वगैरे नव्हते. चार लग्नं झाली, सहायकांशी वागणं करडं होतं, त्यांच्यावर महाभियोग आणायचा प्रयत्न दोनदा झाला आणि दोन्ही वेळा फसला. १९७२ मध्ये त्यांनी झाडांना, नद्यांना, दऱ्यांना कोर्टात उभं राहायचा हक्क हवा, असं अल्पमतातलं निकालपत्र लिहिलं. पर्यावरणवाले आजही त्याचा दाखला देतात.

आणि बरोबर पुढच्या वर्षी बरबँकचा निकाल आला.

कॅलिफोर्नियातलं बरबँक शहर. विमानतळ लॉकहीड कंपनीचा. शहरानं नियम केला की रात्री ११ ते सकाळी ७ जेट विमानांनी उड्डाण करायचं नाही. लोकांना झोपू द्या, एवढंच. त्यामुळं वेळापत्रकातलं एकच विमान अडत होतं, दर रविवारी रात्री साडेअकराला सॅन डिएगोला जाणारं.

झाडांची बाजू घेणारा माणूस झोपलेल्या माणसांचीही बाजू घेईल, असं कुणालाही वाटलं असतं. डग्लस यांनी शहराचा नियम रद्द ठरवला. पाच विरुद्ध चार.

त्यांचं गणित असं होतं. प्रत्येक शहरानं आपापली वेळ ठरवली तर देशभराच्या विमान वाहतुकीचा बोजवारा उडेल. बंदीच्या आधी विमानांची गर्दी होईल आणि त्या वेळात आवाज उलट वाढेल. १९७२ च्या आवाज नियंत्रण कायद्यानं हा विषय केंद्राच्या संस्थांकडं सोपवलाय, त्यात शहराला जागा नाही. विमानतळ स्वतः शहराच्या मालकीचा असेल तर काय, हा प्रश्न त्यांनी तळटीपेत मोकळा ठेवला.

कायदा म्हणून यात दम आहे. तरी मला हा निकाल खटकतो. आवाजाचा त्रास कुणाला होतो हे गल्लीतल्या माणसाला कळतं आणि नेमकं त्याच्याच हातून ठरवायचा अधिकार गेला. १९७८ मध्ये बरबँकचा विमानतळ सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात आला. तरी रात्रीच्या सक्तीच्या बंदीचा अर्ज केंद्रीय विमान प्रशासनानं २००९ मध्ये फेटाळला. आजही तिथं रात्रीची शांतता ही विमान कंपन्यांच्या मर्जीवर आहे.

१९७४ च्या शेवटच्या दिवशी डग्लस यांना पक्षाघाताचा झटका आला. वर्षभर ते हटून बसले आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कोर्टात साडेछत्तीस वर्षं काढली होती, हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. १९ जानेवारी १९८० ला ते गेले.

त्याआधी, १९७७ मध्ये, त्यांनी वाचवलेलं कालव्याचं उद्यान त्यांच्याच नावानं अर्पण करण्यात आलं. कालव्याचं वॉशिंग्टनमधलं टोक जॉर्जटाउन भागात येतं. शहराच्या विमानतळाकडं जाणाऱ्या विमानांची एक वाट पोटोमॅक नदीवरूनच आखलेली आहे, आवाज घरांवर कमी आणि पाण्यावर जास्त पडावा म्हणून. उड्डाणांच्या नव्या मार्गांमुळं आवाज वाढला, अशी तक्रार घेऊन जॉर्जटाउनचे रहिवासी २०१५ मध्ये कोर्टात गेले. २०१८ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला गेला. कारण, तो मुदतीत आला नव्हता.