कॅप्टन जेकब आणि न दिसणारा सोबती

स्वतः न दिसणारा तारा ओळखायचा, तर त्याच्या दिसणाऱ्या जोडीदाराच्या चालीवर पाळत ठेवावी लागते. जोडताऱ्यांवरची अशी चिकाटीची पाळत पुण्यातून ठेवणारे कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे पेशाने लष्करी अभियंते होते.

जेकब यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडमध्ये, सॉमरसेट परगण्यातील एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. सिंधमधील जेकबाबाद ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते जनरल जॉन जेकब त्यांचे बंधू. मुंबई इलाख्याच्या अभियंता दलात दाखल होऊन त्यांनी काही वर्षे त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काढली आणि १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. तेथील पाच फुटी डॉलंड दुर्बिणीतून त्यांनी २४४ जोडताऱ्यांची सूची सिद्ध केली. १८४८ च्या अखेरीस मद्रास वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

त्यांचे नाव गाजले ते १८५५ मध्ये. भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाचे जोडतारे सुमारे ८८ वर्षांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. गणिताने येणारे स्थान आणि प्रत्यक्ष वेध यांत जेकब यांना फरक आढळला. एखादा अदृश्य तिसरा गोल ही ओढाताण करीत असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. सूर्यमालेबाहेरील ग्रहाविषयीचा वेधांवर आधारलेला हा बहुधा पहिलाच दावा. तो टिकला नाही. डोळ्याने घेतलेल्या मोजमापांतील चूक शोधू पाहिलेल्या फरकाएवढीच मोठी होती. पुढे अमेरिकी ज्योतिर्विद सी यांनीही त्याच ताऱ्यांजवळ अदृश्य गोल असल्याचे सांगितले. तशी रचना स्थिर राहू शकत नाही, हे मोल्टन यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले.

पद्धत मात्र अस्सल होती. व्याधाच्या डुलत्या गतीवरून बेसेल यांनी १८४४ मध्ये वर्तविलेला सोबती ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत प्रत्यक्ष दिसला. तो श्वेतबटू निघाला: वस्तुमान सूर्याएवढे, आकार पृथ्वीएवढा! गाया उपग्रहाच्या वेधांतून २०२२ पासून उघडकीस आलेली सुप्त कृष्णविवरेही याच डुलण्यावरून सापडली आहेत.

त्याच १८६२ साली पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा उभारण्यासाठी ब्रिटिश संसदेने एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण जेकब यांनी पदरमोड करून घेतली. ८ ऑगस्टला ते मुंबईत उतरले. कर्जत-कोंडाणे परिसरातून घाट चढणारी रेल्वे तेव्हा पुरी झालेली नव्हती. ती पुढच्या वर्षी सुरू झाली. जेकब पुण्याला पोहोचले खरे, पण १६ ऑगस्टला तेथेच त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती.